ब्रेक दाबला की हॉर्न

बाबांची गाडी माझ्याहून वयाने मोठी आणि हट्टाने बाबांएवढीच. ब्रेक दाबला की तिचा हॉर्न वाजायचा. पुढच्याला वाटायचं, काय उर्मट लोक आहेत! बाबा म्हणायचे, "सांगून थांबते बिचारी. माणसंसुद्धा इतकी सभ्य नसतात."

मग बाबा जिन्यात पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी महिनाभर घरच्या गॅरेजमध्ये पडून राहिली. उंदरांनी तेवढ्यात वायरी कुरतडल्या. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी किल्ली फिरवली, तर गाडी ढिम्म! इकडे बाबांनी जाहीर करून टाकलेलं, "घरी येईन तर माझ्याच गाडीतून." त्यांच्या पोटातली भीती मला ठाऊक होती. आमचे हे एकदा जेवताना बोलून गेले होते, "विकून टाका ते धूड." बाबांनी तो घास गिळला, पण बोलणं काही पचवलं नाही. आपण इथे आडवे आणि तिकडे जावयाने गाडी फुंकून टाकली, हेच त्यांच्या डोक्यात.

"आता तुम्हीच निस्तरा," मी ह्यांना म्हटलं.

आमचे हे म्हणजे रुमालाचीसुद्धा घडी मोडू न देणारा माणूस. डॅशबोर्डखाली उताणे शिरले आणि ओरडले, "अगं, बाबांनी सगळीकडे लाल वायर टाकलीय! दिव्याला लाल, वायपरला लाल, हॉर्नलाही लाल!"

"लाल रीळ स्वस्तात मिळालं होतं."

"आणि सांध्यांवर जखमेची चिकटपट्टी?"

"घरात तीच होती. बोलू नका, जोडा."

मग एकेक वायर बॅटरीला टेकवायची आणि काय पेटलं, काय हललं ते मी बाहेरून ओरडायचं. शेजारीण दोनदा डोकावून गेली, भांडण समजून. संध्याकाळपर्यंत ह्यांनी कुरतडलेले तुकडे काढले, रंगीत नव्या वायरी टाकल्या, प्रत्येक सांधा घासून, पिळून, सोल्डर केला. ब्रेकच्या दिव्याची आणि हॉर्नची वायर उघडी पडून एकमेकींना चिकटली होती, तीही सोडवली. हॉर्नचं इतक्या वर्षांचं कोडं सुटलं म्हणून स्वारी खूश.

दुसऱ्या दिवशी बाबा हॉस्पिटलच्या दाराशी चाकाच्या खुर्चीत बसलेले. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे नजरेपेक्षा कानांवर भिस्त. गाडी आली आणि गुपचूप थांबली.

"ही कोणाची?" बाबा म्हणाले.

"बाबा, तुमचीच!"

"माझी गाडी मुकी नाही. विकलीत ना? आणि म्हाताऱ्याला दिसत नाही म्हणून असलंच काहीतरी आणून उभं केलंत."

त्यांनी बाहीने डोळे पुसले. मला राग आला आणि रडूही आलं. नर्सबाई समजावून थकल्या, पण बाबा खुर्चीचे हात धरून बसले ते बसलेच.

मी खिडकीशी जाऊन ह्यांना म्हटलं, "अहो, बिघडवा."

"काय?"

"हॉर्न. होता तसा करा."

"अगं, इतकं सुबक काम झालंय!"

"सुबकपणा गेला खड्ड्यात! माझा बाप तिथे रडतोय."

ह्यांनी गाडी मागे घेतली आणि कोपऱ्यावर उभी केली. चाकूने दोन्ही वायरी सोलल्या, एकमेकींत पिळल्या. मी नर्सबाईंकडून जखमेची चिकटपट्टी मागून आणली. ती गुंडाळताना ह्यांनी असा चेहरा केला की जणू स्वतःचाच हात बांधताहेत.

गाडी वळून पुन्हा दाराशी आली.

पोंऽऽऽ!

वॉचमन धावत आला. "हॉस्पिटल आहे साहेब, हॉर्न नको!"

"हॉर्न कुठे? ब्रेक आहे तो!" बाबा गरजले आणि उभे राहिले. महिनाभर दोघांनी धरल्याशिवाय न उठणारा माणूस वॉकर रेटत एकटा गाडीपर्यंत गेला. बॉनेटवरून हात फिरवला. मग खिडकीत वाकला.

"विकली नाहीत, जावईबापू?"

"नाही, बाबा."

"मला वाटलं होतं..." पुढचं त्यांनी गिळलं. आमच्या ह्यांनी उतरून स्वतः दार उघडलं.

घरी जाताना रस्ता अगदी मोकळा होता, तरी हे अधूनमधून ब्रेक दाबत राहिले.