ढगाळ उजेडातलं लुगडं

लग्नांचे फोटो काढून काढून वहाबचा उजवा खांदा कायमचा दुखरा झाला होता. उस्मानपुऱ्यातला स्टुडिओ बंद असेल त्या दिवशी तरी माणसांचे चेहरे नकोत, म्हणून तो झाडांचे इन्फ्रारेड फोटो काढायला लागला. लेन्सपुढं एक काळी काच लावायची. डोळ्यांना न दिसणारा उजेड तेवढा तिच्यातून आत जातो, आणि हिरवी पानं पांढरीशुभ्र, निळं आभाळ काळंभोर उमटतं. फक्त त्याला कडक ऊन लागतं.

पिशोर गावाकडं तर ऊन पडायलाच तयार नव्हतं. मक्याच्या एका शेतात बांधावर एकटीच उभी असलेली चिंच त्यानं हेरली होती. तिच्यासाठी तो तिसऱ्यांदा आला, तेव्हाही आभाळ गच्च होतं.

“पुन्हा आलात व्हय, भाऊ?” शेताच्या मालकीण द्वारकाबाई चिंचेखालूनच म्हणाल्या.

“आलो, मावशी. पण ऊनच नाय.”

“ते कुनाच्या हातात हाये? बसा.”

त्यांचा नवरा, बन्सी, शहरात दवाखान्यात होता. पोरगा त्याच्यापाशी. इकडं रानडुकरं मका लोळवायची, म्हणून राखण यांच्या एकटीच्या गळ्यात. हे सांगता सांगता त्या खोडाला टेकल्या आणि बोलणं अर्धवट सोडून झोपी गेल्या.

लगेच गाडीला किक मारायचंही त्राण वहाबमध्ये नव्हतं. आलोच आहोत तर, म्हणून त्यानं ट्रायपॉड उभा केला. अशा ढगाळ उजेडात शटर काही मिनिटं उघडं ठेवावं लागतं आणि वाऱ्यानं फांद्या तर हलत होत्या. बाईंना बाजूला व्हायला सांगावं, असं मनात आलं. पण उठवावंसं वाटेना. बटण दाबून तोही ओल्या गवतात बसला.

घरी कॉम्प्युटरवर पाहिलं तर पानांचा नुसता धूर झालेला, आभाळ राखेसारखं. आणि मधोमध, जराही न हललेली, रेखीव, झोपलेली एक बाई. त्याची बायको गुलशन चहा घेऊन आली ती उभीच राहिली.

“हाच पाठवा एखाद्या प्रदर्शनाला. इतकं थकलेलं माणूस फोटोत कधी बघितलं नव्हतं मी.”

“आधी त्यांना विचारतो,” वहाब म्हणाला. कितीतरी वर्षांनी त्याला स्वतःचं काही आवडलं होतं.

पुढच्या रविवारी त्यानं प्रिंट नेली. द्वारकाबाईंनी ती हातात घेऊन निरखली.

“माझं लुगडं तर हिरवं होतं. हे पांढरं कसं झालं?”

त्या उजेडात काही रंग उमटतच नाहीत, हे त्यानं जमेल तसं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“तुमचं खरं असंल, भाऊ. पन मालक दवाखान्यात पडलेत, आन तुम्ही मला पांढऱ्या लुगड्यात बसवलं. हा कुनाला दावू नका.”

वहाबला एकदम ओशाळल्यासारखं झालं. इतक्यांदा बघूनही हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. वाद घालावा, असा फोटो पुन्हा व्हायचा नाही म्हणून सांगावं, असं क्षणभर वाटलं. पण त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहून ते ओठांवर आलं नाही.

“नाय दाखवणार, मावशी. कॉम्प्युटरमधूनही पुसून टाकतो.”

तो निघाला तेव्हा त्यांनीच थांबवलं. “एक साधा काढा. ह्यांना नेऊन दावा.” केसांवरून ओला हात फिरवून, पदर नीट करून त्या मक्यापुढं ताठ उभ्या राहिल्या. डोळे मुद्दाम मोठे उघडलेले.

दवाखान्यात बन्सीनं तो फोटो डोळ्यांजवळ धरला.

“मका डोक्याच्या वर गेला की,” तो म्हणाला. मग फोटोवर बोट टेकवून, “ही लई वाळली.”

सिस्टर इंजेक्शन द्यायला आल्या, तेव्हा त्यानं फोटो दुसऱ्या हातात घेतला, खाली ठेवला नाही. वहाब शेजारच्या स्टुलावर टेकला. त्यालाही उठायची घाई नव्हती.