भालचंद्रात भरायची पावडर

सोमवारी सकाळी भालचंद्र वैरागकर अंघोळ करून बाहेर आला, तेव्हा त्याच्या डाव्या खांद्यापासून थेट पावलापर्यंत एक उभा कोरा पट्टा पडला होता. पट्ट्यातून मागचं कपाट दिसत होतं. त्याच्या बायकोने, रत्नमालेने, हातातली कपबशी खाली ठेवून नीट पाहिलं.

"टोनर संपत आलाय तुमचा," ती म्हणाली.

"तरीच. रात्रीपासून हलकं वाटायलंय."

सोलापुरात कोर्टाच्या मागच्या गल्लीत, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत, दोघांचं प्रिंटरची रिकामी कार्ट्रिज भरून द्यायचं दुकान होतं. जुनं कार्ट्रिज उघडायचं, कागदावर न उमटता आत साचलेली वेस्ट पावडर काढून टाकायची, ड्रम पुसायचा, टोनरची नवी पावडर भरायची. त्यामुळे पट्टा कशाने पडतो हे रत्नमालेला कुणी सांगायला नको होतं. भालचंद्राच्या तोंडात "नाही" हा शब्दच नव्हता. कुणाच्या सोयरिकीत मध्यस्थ, कुणाच्या भांडणात पंच, कुणाला दवाखान्यात सोबत. गल्लीने त्याला मन मानेल तसा वापरला होता आणि घरी यायचा तेव्हा तो जेमतेम "वाढ" म्हणण्यापुरता उरायचा. तिला याचा राग यायचा. खरं तर तिला तो हवा होता, घरात, ठळक.

छपाई फिकी झाली की कार्ट्रिज बाहेर काढून आडवं धरायचं आणि हलवायचं, म्हणजे आणखी थोडं चालतं. तिने त्याला दुकानातल्या टेबलावर आडवं झोपवलं, खांदे धरले आणि चांगला गदागदा हलवला. पट्टा भरून आला. भालचंद्राने चपला घातल्या न घातल्या तोच पानवाला सिद्राम दारात हजर.

"अण्णा, जरा चला की. सासरे आलेत भांडायला. तुम्ही नुसतं बसा."

"जाऊ नका," रत्नमाला म्हणाली.

"नुसतं बसायचंय गं," म्हणत तो गेलाही.

संध्याकाळी परतला तो फक्त कडेकडेने. मधलं सगळं सिद्रामच्या घरी खर्ची पडलं होतं. तिने पुन्हा हलवला, सकाळी तो पुन्हा गेला आणि आणखी विरून परतला. दुपारी सिद्राम स्वतःच दुकानात आला आणि भालचंद्र बसला होता त्याच खुर्चीवर पिशवी ठेवत म्हणाला, "अण्णा कुठायत?"

"इथंच आहे," भालचंद्र म्हणाला, पण त्याच्या आवाजातली मधली अक्षरं गळाली होती. सिद्राम पिशवी उचलून निघून गेला.

तिसऱ्यांदा हलवून काही झालं नाही. आत नुसतं खुळखुळ वाजलं. तिने पुण्याच्या पावडरवाल्याला फोन लावला.

"मॉडेल कुठलं?"

"एकोणसत्तरचं."

"ते बंद झालं, ताई. आता नवीनच घेऊन टाका."

तिने फोन आपटला, पंखा बंद केला, नाकावर रुमाल बांधला आणि भालचंद्राच्या कानामागचे दोन स्क्रू काढले. ते सगळ्यांनाच असतात, केसांखाली झाकलेले. पावडरचा कप्पा लख्ख रिकामा होता. वेस्टचा कप्पा मात्र ठासून भरला होता. जे उमटता उमटता राहून गेलं ते सगळं तिथे साचलं होतं. तिच्या तळहातावर आधी अक्कलकोटची एक न घडलेली सहल पडली. मग सिद्रामवरचा एक कडक राग, आणि त्याखाली तिचं स्वतःचं नाव, लग्नाच्या पहिल्या वर्षी तो घेऊ पाहायचा तसं.

"टाकून दे," भालचंद्र पुटपुटला. "वेस्ट आहे ते."

वेस्ट पुन्हा भरू नये, सगळं पान काळं पडतं, हे काम शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ती स्वतः बजावायची.

"असू दे. माझं आहे," ती म्हणाली, आणि मैद्याच्या चाळणीने चाळून तिने ते सगळं परत आत ओतलं.

भालचंद्र उमटला. इतका गडद तो लग्नातसुद्धा नव्हता. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा. त्याच्यामागे तोच आणखी दोनदा, जरा फिका, उभा होता.

"रत्ना," तो म्हणाला. "रत्ना, रत्ना," मागचे दोघे म्हणाले.

तिला रडूच कोसळलं. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता. तिने त्याच्या गालाला हात लावला आणि गाल बोटाला लागून आला. गालाच्या जागी भिंत दिसली.

पावडर नुसती बसली होती, पक्की झाली नव्हती. ती पक्की होते आचेने. दोघांनाही ते ठाऊक होतं.

"हलू नका," म्हणत तिने आतून इस्त्री आणली आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला. इस्त्री पुरती तापली की तो विझणार होता.

"अण्णा, येता का जरा?" रस्त्यावरून सिद्रामची हाक आली. भालचंद्राने ओ दिली नाही. मागच्या दोघांनीही दिली नाही.

"चेहरा कसा ठेवू?" त्याने विचारलं.

"विचार करून ठेवा. कायमचा राहणार तो."

त्याने हसरा केला.

"हा नको. हा सगळ्यांना देता."

मग त्याने दुसरा शोधून काढला. तो तिने कधीच पाहिला नव्हता, तरी तिला ओळखता आला. "हाच," ती म्हणाली, "असाच धरून ठेवा," आणि इस्त्री उचलली.

भालचंद्राच्या नाकाचा शेंडा थरथरला. त्याने श्वास आत घेतला, आणखी आत घेतला. मागच्या दोघांनीही घेतला.

"रत्ना," ओठ न हलवता तो म्हणाला, "लवकर. शिंक यायलीय."

इस्त्रीचा लाल दिवा अजून विझला नव्हता.