दुपटं टांगलेली खिडकी

दुपारी दीडच्या सुमाराला ठकी झोपते आणि आमचं दोन खोल्यांचं घर तळ्यासारखं होतं. पडदा हलतो तोही पाण्याखाली हलल्यासारखा. घड्याळाचा काटा पोहत पोहत पुढे सरकतो. सासूबाई हातवारे करून बोलायला लागतात. मी डाव्या हाताने ठकीला थोपटत असते आणि उजव्या हाताने वेबसाइट बनवत असते. ठकी दहा महिन्यांची आहे. तिची झोप दोन तासांची, म्हणून माझी नोकरीही दोन तासांची.

आमचं ऑफिस म्हणजे छपाईच्या दुकानावरची एक लांबट खोली. ती दादांची. दादा माझे कोणी लागत नाहीत, सगळेच त्यांना दादा म्हणतात. प्रांताच्या निवडणुका लागल्या की दादांकडे कामाला तोटा नसतो, कारण ते दोन्ही पक्षांच्या साइट करतात. एका टेबलावर शिडी चिन्हवाल्यांची, दुसऱ्या टेबलावर कंगवा चिन्हवाल्यांची. मधे एक लोखंडी कपाट उभं आहे. "कपाटाच्या अलीकडचं पलीकडे जायचं नाही," एवढा एकच नियम. कंगव्याचे उमेदवार पूर्ण टकले आहेत, पण त्यावर हसायचं तेही कपाटाच्या अलीकडेच.

बाळंतपणानंतर मला घरून काम मिळालं ते शिडीचं. उमेदवार एक निवृत्त शिक्षिका होत्या. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे पोस्टरवरसुद्धा त्यांचं नाव नुसतं 'बाई' असं होतं.

"शुक्रवारी तीन वाजता साइट दिसली पाहिजे," दादा म्हणाले होते. "नाही जमलं तर मी रागावणार नाही हो. घरात लहान मूल आहे, मला कळतं. पण मग पुढची कामं नव्या पोरीला द्यावी लागतील."

नवी पोर म्हणजे कपाटापलीकडची, कंगव्याचं काम बघणारी. मुलगी चांगली आहे, हाच तर त्रास.

माझी अडचण दादांना सांगण्यासारखी नव्हती. रोज पावणेदोनला, ठकीचा डोळा लागून पंधरा मिनिटं होतायत तोवर, आमच्या गल्लीत प्रचाराची गाडी यायची. टपावर पत्र्याची शिडी, शिडीवर भोंगा. "एकेक पायरी, बाईंच्या बरोबरी." ठकी दचकून उठायची, ओठ काढायची, आणि तळं फुटून जायचं. म्हणजे शिडीची गाडीच शिडीची साइट होऊ देत नव्हती.

"म्हणून मी कंगव्याला मत देणार," सासूबाई म्हणायच्या. "त्यांची गाडी निदान दुसऱ्या रस्त्याने जाते."

साइट बांधताना खरा मजकूर हातात येईपर्यंत पानात काहीतरी भरून ठेवावं लागतं. रंग कसा दिसतो, ओळी किती बसतात ते त्याशिवाय कळत नाही. ऑफिसात सगळे 'अबक अबक' भरतात. मला ते बघवत नाही. रिकाम्या घरात कोणीतरी बडबडत बसल्यासारखं वाटतं. म्हणून जाहीरनाम्याच्या पानावर मी ठकीला थोपटता थोपटता सुचेल ते लिहीत गेले. प्रत्येक जिन्याच्या वळणावर दम खायला एक फळी असेल. बसच्या थांब्यावर दोन बाकं असतील, एक दमलेल्यांसाठी आणि एक नुसतंच बसावंसं वाटणाऱ्यांसाठी. दवाखान्यात ज्याचा नंबर शेवटचा त्याला खिडकीजवळची जागा मिळेल. आणि ज्या खिडकीला दुपटं टांगलेलं दिसेल तिथे मूल झोपलंय असं समजून आमची गाडी भोंगा बंद करून, हळू जाईल.

लिहिताना मला वाटायचं की मी हे कोणाला तरी कानात सांगतेय. बहुतेक ठकीलाच.

खरा जाहीरनामा शुक्रवारी पाऊणला आला. अकरा पानं, मोबाइलवर काढलेले फोटो, प्रत्येक फोटोत कोणाचा तरी अंगठा. मी टाइप करत सुटले. पावणेदोनला भोंगा आला, ठकी उठली, आणि मग ती कडेवर, लॅपटॉप ओट्यावर, असं करत मी अकरावं पान संपवलं. तिच्या गालाची ऊब माझ्या मानेला लागलेली, तिचा श्वास पुन्हा लांब लांब व्हायला लागलेला. यादीत जाहीरनाम्याच्या दोन प्रती होत्या, कच्ची आणि पक्की. एकीवर बोट ठेवलं. तीनला पाच कमी असताना साइट दिसायला लागली. दादांनी अंगठा पाठवला. त्यांनी पहिल्या पानावरचा बाईंचा फोटो तेवढा बघितला असणार. मी ठकीशेजारी आडवी झाले आणि पाण्यात दगड बुडावा तशी झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचा फोन आला.

"जाहीरनाम्यात दुपटं कुठून आलं?"

काय झालं ते लगेच कळलं. लॅपटॉप उघडायचीही गरज नव्हती.

"दादा, कच्ची प्रत गेली माझ्याकडून."

"अबक का नाही लिहिलंस मग सगळ्यांसारखं? अबक असतं तर चूक आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. हे लोकांनी वाचलंय. पाठवलंय एकमेकांना. जिन्यातली फळी कधी बसवणार म्हणून पक्षाच्या ऑफिसात फोन येतायत."

"आत्ता बदलते."

"बदल. आणि बाईंनी तुझा नंबर मागितला होता, दिलाय मी. काय म्हणतात ते ऐकून घे. सोमवारपासूनच्या कामाचं मग बघू." 'बघू' म्हणताना त्यांचा आवाज कपाटापलीकडे गेल्यासारखा वाटला.

मी पक्की प्रत चढवली. फळ्या गेल्या, बाकं गेली, दुपटं गेलं. त्या जागी रस्ते, पाणी, रोजगार असे भरभक्कम शब्द येऊन बसले. मला वाटलं, आपण कोणाच्या तरी अंगावरची चादर ओढून घेतली.

फोन आला तेव्हा सासूबाई ठकीला भात भरवत होत्या.

"तू लिहिलंस ते?" बाईंनी स्वतःची ओळखसुद्धा सांगितली नाही. आवाजाला फळ्यावरच्या खडूची धार होती.

"हो बाई. चुकून झालं."

"चुकून लिहिलंस की चुकून छापलंस?"

"छापलं चुकून."

"म्हणजे लिहिलंस मन लावून."

मी फोन धरून ताठ उभी राहिले. शाळेत असताना राहायचे तशी.

"काल संध्याकाळी घरोघरी फिरत होते," त्या म्हणाल्या. "मंडईमागच्या एका गल्लीत तीन खिडक्यांना दुपटी लोंबत होती. मला वाटलं वाळत घातलीत. तर एकजण वरून म्हणते कशी, बाई, हळू बोला, तुम्हीच तर कबूल केलंय. आता मी काय बोलणार? चाळीस वर्षं पोरांना सांगत आले, वहीत लिहिलंय ना, मग करून दाखव."

"मी काढून टाकलं बाई सगळं. आत्ताच."

"फळ्यांचं बरं केलंस. निवडून आले तरी ते माझ्या एकटीच्या हातात नाही. पण गाडी माझी आहे. ते आजपासून होण्यासारखं आहे. तुझं पान आणि आमची अकरा पानं मिळून निकालाआधी होण्यासारखं तेवढंच आहे, लक्षात आलं का तुझ्या?"

"नाही आलं."

"माझ्याही नव्हतं आलं. तेवढं वाक्य परत घाल. सगळ्यांत वर. आणि अक्षर मोठं ठेव, आमचा गाडीवाला चष्मा घरी विसरतो." मग म्हणाल्या, "तुझं केवढं आहे?"

"दहा महिन्यांचं. मुलगी."

"तरीच," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

अर्ध्या तासाने दादा. "बाई म्हणतात, पान तुझ्याकडेच राहू दे. राहू दे तर राहू दे. पण यापुढे मला त्यात दुपटं दिसता कामा नये."

"दिसणार, दादा. त्यांनीच मोठ्या अक्षरात घालायला सांगितलंय."

दादांनी एक लांब श्वास सोडला. छपाईच्या मशीनचाही असू शकेल.

सोमवारी दीडला ठकी झोपली. मी तिचं पिवळं दुपटं, ज्याच्या कोपऱ्याला ती दाताविनाच चावत असते, खिडकीच्या गजाला बांधलं आणि बाहेर बघितलं. समोरच्या इमारतीत एक निळं होतं. वाण्याच्या दुकानावर ठिपक्यांचं. कोपऱ्यावरच्या घरी तर मूलच नाही, एकटे आजोबा राहतात, त्यांनी खिडकीत पंचा टांगला होता.

पावणेदोनला गाडी वळली. एवढी हळू, की वल्हं न मारता वाहत आल्यासारखी. गाडीवाल्याने चष्मा लावला होता आणि मान बाहेर काढून तो एकेक खिडकी वाचत होता. ओठ सवयीने हलत होते, एकेक पायरी, एकेक पायरी, पण आवाज नव्हता. टपावरच्या शिडीची सावली आमच्या भिंतीवर चढली, ठकीच्या पायांवरून गेली आणि छतातून निघून गेली. ठकीने झोपेत नुसता हात उघडला आणि मिटला.

सासूबाई गॅलरीत उभ्या होत्या. आत येऊन माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "मत कंगव्यालाच. पण माणूस गाडी चांगली चालवतो."

मी लॅपटॉप मांडीवर घेतला. पूर्ण पावणेदोन तास शिल्लक होते. एवढे तास एकदम बघून काय करावं ते सुचेना. तेवढ्यात मेसेज आला, कपाटापलीकडच्या मुलीचा.

'ताई, आमच्या साहेबांकडे सकाळपासून बायका भांडायला येतायत. ते दुपट्याचं वाक्य जसंच्या तसं आम्हाला देतेस का? दादांना कळू देऊ नकोस.'

मी ठकीकडे बघितलं. मग पलीकडच्या रस्त्याकडे, जिकडून कंगव्याची गाडी जाते. तिथेही घरं आहेत, खिडक्या आहेत.

वाक्य पाठवून दिलं. एका हाताने. दुसरा थोपटत होता.