टाकीचं झाकण

के. आर. पुरमचा पूल उतरल्यावर व्हॅनने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले.

"झालं," शेजारी बसलेला रविकिरण म्हणाला. "ठरल्याप्रमाणे आता गाडी भंगारात, दाजी."

ठरलं होतं ते एवढंच. भर उन्हात व्हाइटफील्डहून बसवनगुडीपर्यंत गाडी न थांबता गेली, तर ती कृष्णातकडे राहील. नाहीतर रविकिरण घेऊन जाईल. ही जुनी कार्ब्युरेटरची व्हॅन कृष्णातच्या बायकोला, अनुसूयाला, तिच्या वडिलांनी निपाणीहून दिलेली. अनुसूया संक्रांतीआधी गेली. तिच्या भावाला, रविकिरणला, ती गाडी डोळ्यांसमोर नको होती, आणि कृष्णातला त्या गाडीशिवाय काही नको होतं.

"अण्णा, स्वल्प साइड!" एक रिक्षावाला कानडीत ओरडला, जरा बाजूला घ्या म्हणून. कृष्णातने एकट्याने ढकलत व्हॅन कडेला घेतली. रविकिरण फोन बघत मागून चालत आला.

कृष्णातने पुढची सीट उचलली. खालून गरम वाफ तोंडावर आली. बाटलीतल्या पाण्याने फडकं भिजवून त्याने इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या पंपावर ठेवलं. मार्चपासून हे नेहमीचंच झालं होतं.

"पंप नवा घातलात ना? मग त्याला पट्ट्या कसल्या ठेवताय, ताप आलाय त्याला?" रविकिरण म्हणाला. "अक्कालाही पट्ट्याच ठेवत बसला असाल."

कृष्णातने दात आवळले. भांडून गाडी चालू होणार नव्हती. गाडी उन्हाने बंद पडते हे खरं, पण परवा याहून कडक ऊन होतं आणि तरी ती धावली होती. परवा तो थेट पेट्रोल भरून निघाला होता. मागच्या आठवड्यातही भरल्यावर तासभर तिने कुरकुर केली नव्हती. आज टाकी अर्धी भरलेली होती, म्हणजे पेट्रोल कमी नव्हतं. मग पेट्रोल भरताना आणखी काय होतं? झाकण उघडतं.

त्याने मागे जाऊन झाकण फिरवलं. सूंऽऽ करत टाकीने हवा ओढून घेतली. रविकिरणनेही मान वर केली.

झाकणाला आतून दुधाच्या पिशवीचा तुकडा दुहेरी करून बांधलेला होता. पेट्रोल भरताना झाकण भरणारा पोरगाच उघडायचा, कृष्णातने ते आतून कधी पाहिलंच नव्हतं. हवेची वाटच बंद. पेट्रोल कमी होईल तशी टाकीत पोकळी होऊन ती ओढ धरायची, पंपाला पेट्रोल मिळायचं नाही, आणि उन्हात नळीतल्या उरल्यासुरल्याचीही वाफ व्हायची. थंडीत, दवाखान्यापर्यंतच्या फेरीत, ते जाणवलं नव्हतं.

"हा गाढवपणा कुणी केला?" रविकिरण म्हणाला, आणि मग त्याला पिशवीवर गुंडाळलेलं रबर दिसलं. अनुसूयाचं केसांचं, निळं.

"पेट्रोलच्या वासाने मळमळायचं तिला," तो म्हणाला. "केमो सुरू झाल्यापासून. फोनवर सांगितलं होतं मला."

"मला नाही सांगितलं."

"तुम्हाला कशाला सांगेल? गाडीला नावं ठेवलेली खपत होती का तुम्हाला?"

कृष्णातने रबर सोडवलं, पिशवी काढली, झाकण लावलं. किल्ली फिरवताच व्हॅन चालू झाली. ती तशीच चालू ठेवून तो खाली उतरला.

"घेऊन जा."

"थांबली होती ती," रविकिरण म्हणाला. "उपकार करू नका."

"उपकार नाहीत. चालती गाडी आहे, भंगारात घालू नकोस."

"तो कचरा द्या इकडे, टाकतो."

"हात लावू नकोस."

पेट्रोलने भिजलेली पिशवी आणि रबर खिशात घालून तो मेट्रोकडे चालू लागला. डब्यात शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला आणि ती लांब सरकली. कृष्णातने खिशावरचा हात काढला नाही.