आधी बघा, मग मारा

मित्रांनो, मी एक जुनी वाघूर आहे. वाघूर म्हणजे शिकारीचं जाळं. देवगाव फाट्याजवळच्या सटवाजीने मला अंबाडीच्या वाखापासून विणलं. माझ्या गाठी त्याने अशा आवळल्या, की माजलेलं रानडुक्करही सुटायचं नाही. फुशारकी नाही, खरं तेच सांगते.

माझ्यात काही अडकलं की भालेवाले धावून यायचे. सटवाजी हात आडवा घालायचा. "आधी बघा, मंग मारा." पोटुशी मादी निघाली की तो स्वतः माझे फास सैल करायचा. लोकांच्या शिव्या खायचा, पण सोडायचा.

पुढे शिकारीला बंदी आली. मला शेतातल्या आखाड्यात, म्हणजे खोपटात, आढ्याला टांगलं. उंदरांनी कुरतडलं, तरी कुणी वर बघितलं नाही.

शहाऐंशी साली डुकरांनी ज्वारीची पार नासाडी केली. सटवाजीचा लेक माणिकराव इरेला पेटला. त्याने विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून उघडी तार काढून बांधाभोवती ओढली.

"तार काय बघती का, कोण आलंय ते?" सटवाजी म्हणाला.

"आबा, तुमच्या जाळ्याचा जमाना गेला. तारंला लागलं की डुक्कर जागीच खल्लास."

"अन् माणूस लागलं तर?"

माणिकराव नुसता हसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी लाईट गेली. तेवढ्यात ढिली झालेली तार ताणावी म्हणून माणिकरावाने तिला हात घातला. आणि लाईट आली.

बाई गं, ती किंकाळी! सून रुख्मिणी पेटीकडे पळाली, पण विहीर लांब. सटवाजीने मला हिसक्यासरशी खाली ओढलं, लेकावर फेकलं आणि मागे खेचलं. मी कोरडी ठणठणीत वाखाची, म्हणून म्हातारा वाचला. रुख्मिणीने खटका पाडला, तेव्हा माणिकराव माझ्यात गुरफटून मातीत पडला होता. हात काळा, डोळे उघडेच.

सटवाजी माझे फास सोडू लागला. त्यानेच मारलेली गाठ त्याला सुटेना. धावून आलेल्या शेजाऱ्यांना तो म्हणाला, "आधी बघा. बघा रे, जित्ता हाय का."

जित्ता होता. दोन बोटं गेली.

मित्रांनो, किती जीव माझ्यात तडफडले, पण त्या दिवसासारखी मी कधी हादरले नाही. माझी डागडुजी नका करू, खुशाल चुलीत घाला. पण शेजारच्या बांधावर तशीच तार अजून आहे. तेवढी आजच काढायला सांगा.