शिडीला दिलेलं मत

इस्पितळाच्या लाँड्रीत अक्का आणि शिडी यांची जोडी बावीस वर्षं टिकली. वरच्या फळीवरचे गठ्ठे ती स्टुलावर न चढता काढायची म्हणून तिला शिडी म्हणत. अक्का तिच्या खांद्याला जेमतेम लागायची. वाळलेल्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. चार टोकं धरायची, एक झटका द्यायचा, पुढे येऊन टोकाला टोक भिडवायचं आणि पुन्हा मागे सरायचं. दिवसाला तीनशे चादरी, म्हणजे तीनशे वेळा समोरासमोर येणं. आणि शिडीकडे दर वेळी सांगायला काहीतरी असायचंच. कुठल्या वॉर्डात कोण कुणावर रुसलंय, सासू काय म्हणाली, मुकादम शिंकतो कसा. एक गोष्ट तिला दहा चादरी पुरायची.

दोघी एकाच पक्षाच्या. अक्काच्या घरात तर पक्ष वडिलांच्या काळापासून. पक्षानं विजेचा खांब उभा केला तरी मत खांबाला, असं ते म्हणायचे आणि तसंच वागायचे. नवराही तिला तसाच मिळाला. मीटर वाचण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला हा माणूस एकवेळ बायकोवर रुसेल, पण पक्षावर नाही.

आठ वर्षांपूर्वी इस्पितळाची अर्धी धुलाई बाहेर द्यायचं ठरलं. पालिकेत सत्ता त्यांच्याच पक्षाची, आणि काम ज्याला मिळालं तो कंत्राटदारही पक्षातलाच. शिडी कामगारांच्या सभेत उभी राहिली आणि आपल्याच लोकांनी आपला गळा कापला, असं सगळ्यांदेखत म्हणाली. वरून निरोप आला की हिला पक्षाच्या कामगार समितीतून काढा. हात वर करून मतं घेतली. अक्काही समितीत होती. पक्ष म्हणजे शिस्त, असं मनाशी म्हणत तिनं हात वर केला. शिडी पहिल्या रांगेत बसली होती. किती हात वर झाले हे तिनं पाहिलंच नाही, तिची नजर एकाच हातावर खिळली होती.

महिन्याभरात शिडीनं नोकरी सोडली. बोलणं तुटलं ते तुटलंच. रस्त्यात समोर आल्या तर एक जण दुकानाची पाटी वाचायला लागायची.

अक्काला नवी जोडीदारीण मिळाली. पोरगी कामाला चोख होती, पण कानात सतत गाणी. टोकं भिडायची, नजर भिडायची नाही. इस्पितळात काही गंमत घडली की अक्काचं मन ती लगेच शिडीसाठी बाजूला काढून ठेवायचं, आणि मग आठवायचं की आता ती सांगायची कुणाला. नवऱ्याला सांगून पाहिली. तो म्हणायचा, बरं मग?

दोन वर्षांपूर्वी अक्काची आई अंथरुणाला खिळली. अक्का कामावर असताना दुपारी शेजारीण लक्ष ठेवायची. एकदा घरी येऊन पाहते तर आईचे केस धुतलेले, विंचरून घट्ट वेणी घातलेली. कुणी घातली म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, "ती तुझी उंच." मग कळलं की शिडी महिनाभर येत होती, अक्का घरात नसेल अशी वेळ साधून. आभार मानायला जावं असं अक्काच्या फार मनात आलं. दोनदा चपला घातल्या आणि दोनदा काढल्या. आई गेली तेव्हा शिडी गर्दीत मागे उभी होती. पुढे आला तो कंत्राटदार, मोठा हार आणि फोटो काढणारा माणूस घेऊन.

यंदा प्रभागाची निवडणूक लागली. पक्षानं कंत्राटदाराला उभं केलं. समोरच्या पक्षानं शिडीला. गेली सहा वर्षं गटारं आणि पाणी यांच्यामागे ती हात धुऊन लागली होती. तोंडानं फटकळ, कुणाचं ऐकून घेणार नाही, पण हातात घेतलेलं काम अर्धवट टाकणार नाही. हे अक्काइतकं कुणाला ठाऊक असणार?

कंत्राटदार प्रचाराला घरी आला. सोबत दहा माणसं. अक्कापुढे हात जोडून त्यानं आपुलकीनं विचारलं, "आई कशा आहेत? तब्येतीला जपा म्हणावं." नवऱ्यानं घाईघाईनं खुर्ची पुढे केली.

तो गेल्यावर नवरा म्हणाला, हजार माणसं भेटतात त्याला, एखादं चुकायचंच.

"आपण मत माणसाला देतो की चिन्हाला?" अक्कानं विचारलं.

"चिन्हालाच." नवरा चिडला नव्हता, समजावत होता. "माणूस कितीही चांगला असू दे, सभागृहात शेवटी हात वर करायचा तो पक्ष सांगेल तेव्हाच. तुला का हे सांगायला हवं?"

ते तिच्या वर्मी लागलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण सगळे हात सांगतील तसे वर झाले तेव्हा एकटी शिडी उभी राहून बोलली होती, हेही खोटं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी नवरा सकाळपासून शाळेबाहेर पक्षाच्या टेबलावर चिठ्ठ्या देत बसला. अक्काचीही त्यानंच दिली आणि शिक्का जपून मार म्हणाला. यंदा मशिनं नव्हती, कागदी मतपत्रिका होत्या. आत पुठ्ठ्याच्या आडोशाला तिनं कागद उलगडला. शिक्का धरलेला हात सवयीनं नेहमीच्या चिन्हाकडे गेला. तिनं तो मागे घेतला. तिसऱ्या ओळीत शिडीचं नाव होतं, पूर्ण, आडनावासकट. इतक्या वर्षांत ते नाव तिनं लिहिलेलं पाहिलं नव्हतं. तिनं त्यापुढे शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कागदाची घडी घालून पेटीत टाकला. बाहेर येताना वडिलांपुढे चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि तरी कितीतरी दिवसांनी जीव हलका झाला होता.

शिडी तीनशे बारा मतांनी पडली. मिरवणूक गल्लीतून गेली, नवरा तिच्यात नाचून आला आणि गुडघा धरून बसला.

तिसऱ्या दिवशी अक्कानं दुपारची रजा काढली आणि शिडीच्या घराचा जिना चढली. काय बोलायचं ते ठरवलेलं होतं. मी मत तुलाच दिलं, एवढंच.

दार शिडीनंच उघडलं. क्षणभर बघत राहिली, मग बाजूला झाली. स्वयंपाकघरात ती उरलेली प्रचाराची पत्रकं फळ्यांवर अंथरत होती, छापलेला स्वतःचा चेहरा खालच्या बाजूला करून. तिनं चहा टाकला.

"परवापासून रीघ लागलीय," शिडी म्हणाली. "येईल तो सांगतो, मत तुलाच दिलं. तुमच्या शाळेतल्या केंद्रावर मला एकूण एकोणीस मतं पडली, आणि तिथली चाळीस माणसं शपथ घेऊन गेली."

ती हसली. अक्कालाही हसू आलं, आणि त्या हसण्यात ओठावर आलेलं वाक्य परत खाली गेलं.

शिडीनं कप तिच्या हातात दिला. "तू कुणाला दिलंस ते मला ठाऊक आहे, आणि आता त्याचा राग नाही. पण इतक्या लोकांत तू एकटी आलीस आणि खोटं बोलली नाहीस. मला तेवढं पुरे."

"शिडे..." अक्का म्हणाली. आणि मग तिनं कंत्राटदार आईची तब्येत कशी विचारून गेला ते सांगितलं, त्याच्याच आवाजात, हात जोडून. शिडी इतकी हसली की तिला कप खाली ठेवावा लागला. हसता हसता कधी दोघींचे डोळे भरले ते कळलं नाही. आईच्या वेणीबद्दल अक्का तेव्हा बोलली. शिडी म्हणाली, केस फार मऊ होते गं म्हातारीचे.

निघताना शिडीनं कठड्यावरून वाकून विचारलं, पुन्हा येशील ना? येते, म्हणून अक्का खाली उतरली आणि रस्त्यावर थांबली. परत वर जाऊन सांगावं असं फार वाटलं. पण जे सांगायचं ते त्या चाळीस जणांनी आधीच, तेच शब्द वापरून, सांगून टाकलं होतं. आणि तिनं सांगितलं असतं, तर शिडीच्या हिशेबी ती एक्केचाळिसावी झाली असती.

आता ती दर आठवड्याला जाते. विरोधकांकडे काय काम, असं नवऱ्यानं एकदा विचारून पाहिलं, पुन्हा विचारलं नाही. आठ वर्षांच्या साठलेल्या गोष्टी अजून संपलेल्या नाहीत. मधेच कधीतरी दोघी एकदम गप्प होतात, तेव्हा अक्का शिडीकडे बघत राहते.

"काय गं?" शिडी विचारते.

"काही नाही," अक्का म्हणते.