आभाराची पाटी

बेलिसारिओ वेंचूर मेला नव्हता, एवढीच काय ती अडचण होती.

चिली देशातल्या चिलोएच्या बेटांवर माणूस अवचित मेला की त्या जागी लाकडाचं हातभर घरकुल बांधतात आणि आत मेणबत्ती लावतात, म्हणजे जिवाला आसरा होतो. गावाला छळणाऱ्या गुहेतल्या जादूगारांशी झालेल्या लढाईत गावाच्या बाजूचा कोवळा मांत्रिक बेलिसारिओ टोकाच्या खडकावरून समुद्रात गेला आणि त्यांचा म्हातारा म्होरक्याही गेला, तेव्हा गावाने रडत रडत बेलिसारिओचं घरकुल बांधलं. तो मात्र पलीकडच्या बेटाला लागला, तापाने फणफणला आणि बटाटे काढायच्या सुमारास चालत घरी आला. गावाने मेंढरू भाजलं, सफरचंदाची दारू काढली. पण तोवर घरकुलाने कुणाचा खोकला बरा केला होता, कुणाची होडी वादळातून परत आणली होती. नवसाला पावणारं घरकुल पाडायचं कुणी?

ते राहिलं. बेलिसारिओही राहिला, होड्यांच्या फटी बुजवत. त्याची जादू त्या दिवशी समुद्रातच गेली होती. बायका हातात मेणबत्ती घेऊन यायच्या आणि त्यालाच म्हणायच्या, "बाजूला हो रे, विझेल." आधी त्याला हसू यायचं. पुढे पुढे येईनासं झालं.

कारण त्या खडकावर खरा मेला तो नोल्बेर्तो लेपीओ. गुहेतलाच पोरगा, म्हाताऱ्याचा शिष्य. बेलिसारिओ गुडघ्यावर आला होता, मंत्र आठवत नव्हता, म्हाताऱ्याचा हात वर उठला होता. नोल्बेर्तोने मागून म्हाताऱ्याला मिठी मारली आणि त्याच्यासकट उडी घेतली. बेलिसारिओ पडला तो नंतर, घसरून.

हे त्याने लग्नात सांगितलं, मयतीत सांगितलं, चर्चच्या अंगणात सांगितलं. लोक डोळे पुसायचे. "केवढं मन याचं! वैऱ्यालासुद्धा मोठेपणा देतो." आणि दुसऱ्या दिवशी घरकुलात मेणबत्त्या वाढलेल्या असायच्या. एकदा त्याने तिथलं आपलं नाव खरवडून टाकलं, तर गावाने ते सोनेरी रंगाने पुन्हा काढलं.

नोल्बेर्तोची आई एदेल्मिरा खाडीच्या तोंडाशी एकटी राहायची. गुहेतल्या माणसासाठी प्रार्थना नाही, क्रूस नाही, मेणबत्ती नाही, असं गावाने ठरवून टाकलं होतं. एका हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळता खिळता राहिली. बेलिसारिओ लाकडं द्यायला गेला तेव्हा ती म्हणाली, "मला एकदा त्याच्यासाठी मेणबत्ती लावायचीय. सगळ्यांसमोर. चोरून पुष्कळ लावल्या."

"बघतो, मावशी."

"तू नुसता बघत असतोस. तोवर मी जायची."

हे त्याला लागलं. आपण जगतोय ते कुणाच्या जिवावर, आणि त्याच्या आईला साधी मेणबत्ती मिळत नाही, याची त्याला मनापासून लाज वाटली.

रविवारी प्रार्थना संपून सगळे घरकुलाशी जमले, तेव्हा तो फळी आणि हातोडी घेऊन आला. घरकुलाची देखभाल क्लोदोमिराबाईंकडे होती. त्यांच्या भावाला गुहेतल्यांनी मारलं होतं, आणि गावात त्यांच्या शब्दापुढे पाद्रीही जात नसे.

"तुझ्याच घरकुलाला काय ठोकतोयस?" त्यांनी विचारलं.

"आभाराची पाटी, बाई."

"कुणाचे आभार? स्वतःचेच?"

लोक हसले. मागितलेलं मिळालं की आभाराची पाटी ठोकायची, ही तिथली रीतच होती. भिंतीवर तशा कितीतरी होत्या. त्याने आपली सगळ्यांच्या मधोमध ठोकली. क्लोदोमिराबाईंनी मोठ्याने वाचायला घेतलं आणि वाचता वाचता त्यांचा आवाज खाली आला.

"नोल्बेर्तो लेपीओ, मी जीव मागितला, तू दिलास. आभार. बेलिसारिओ वेंचूर."

बाईंची बोटं तडक फळीच्या कडेखाली गेली. "हे नाव इथे राहणार नाही."

"काढा," बेलिसारिओ म्हणाला. "पण पाटी उपटली की दिलेलं परत जातं. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? त्या रोसामेलने छपराचं कौल बसवायला आपली पाटी हलवली, तर त्याची दाढदुखी परत आली."

बाईंनी घरकुलाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. इतक्या वर्षांत त्यांनी त्याच्या तोंडाकडे असं नीट पाहिलं नव्हतं.

"पोरा, मनाचा मोठेपणा म्हणून करतोयस ना हे?"

"नाही, बाई. त्या खडकावरून मला पळून जायचं होतं. पायच उचलत नव्हते."

त्यांनी हात मागे घेतला.

एदेल्मिरा कुंपणाशी उभी होती. लोकांनी वाट दिली, ती पुढे आली. समुद्रावरून वारा येत होता, काडी पेटायची आणि विझायची. बेलिसारिओ पुढे झाला, तर क्लोदोमिराबाईंनी त्याला कोपराने सारलं. त्यांनी अंगावरची शाल सोडली आणि वाऱ्याच्या बाजूने आडवी धरली.

"माझा भाऊ मी विसरलेली नाही," त्या म्हणाल्या.

"विसरू नका," एदेल्मिरा म्हणाली.

"लाव आता. हात भरून येतायत माझे."

मेणबत्ती पेटली. एदेल्मिराने ती पाटीखाली ठेवली, ज्योत स्थिर होईपर्यंत वाट पाहिली आणि मग सगळ्या गावासमोर, पोराला जेवायला हाक मारावी तशी मोठ्याने म्हणाली, "नोल्बेर्तो."